तुकड्यांनी चाललं म्हणून काय झालं?

गोष्ट मेसमधली आहे. रविवारची फीस्ट सुटू नये म्हणून आम्ही चार-पाच जण मळलेल्या बुटांसकट तसेच टेबलावर येऊन बसलो होतो. समोरच्या टेबलावरून आमच्याच वर्गातला एक मित्र ओरडला, "काय बे, आज किती चालले?" मी सांगितलं, चौदा किलोमीटर. "आणि परत कसे आले?" म्हटलं, एस्टीने. यावर तो जो हसला, की अख्खी मेस आमच्याकडे पाहायला लागली. "दर रविवारी थोडं चालायचं, दुपारी एस्टीने परत यायचं आणि फीस्ट हाणायची! याला काय चालणं म्हणतात का? एकदम चाला, मग मानू!"

त्या वेळी मला उत्तर सुचलं नाही. (व्हायव्हातही माझं असंच होतं. उत्तर आठवतं ते जिना उतरताना.) म्हणून ते उत्तर इथे लिहितो आहे. लिहिता लिहिता माझ्या स्वतःच्या एका चुकीचाही हिशोब द्यावा लागणार आहे, तो शेवटी देतो.

आधी आम्ही काय करतो ते सांगतो. आमचा एक वॉकिंग क्लब आहे. त्याला नाव नाही, फी नाही, अध्यक्ष नाही. एक शंभर पानी वही आहे, एवढीच त्याची मालमत्ता. या वर्षी आम्ही एक रस्ता ठरवला : शेंडगाव ते अमरावती. शेंडगावहून अंजनगाव सुर्जी, तिथून दर्यापूर, मग खोलापूर, मध्ये ऋणमोचनला वळसा, पुढे वलगाव आणि शेवटी अमरावतीचं गाडगेनगर. वळशासकट हे अंतर शंभर किलोमीटरच्या वर जातं. त्याचे आम्ही सात टप्पे केले. दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरुवात करायची आणि होळीच्या आत संपवायचं, कारण त्यानंतर आपल्या वऱ्हाडात दुपारी रस्त्याने कुत्रंसुद्धा चालत नाही.

हाच रस्ता का? आपल्यापैकी प्रत्येकाच्या पदवीच्या कागदावर एका माणसाचं नाव छापलेलं असणार आहे. १९८३ साली स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाला २००५ मध्ये संत गाडगे बाबांचं नाव दिलं गेलं. परीक्षेचा फॉर्म भरताना, मार्कशीटची झेरॉक्स काढताना आपण ते नाव शंभरदा वाचतो. पण तो माणूस कुठे जन्मला, कुठून कुठे गेला, हे हॉस्टेलमध्ये विचारलं तेव्हा दहातल्या आठ जणांनी "स्वच्छतावाले ना?" एवढंच उत्तर दिलं. मीही त्या आठांतलाच.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, शेंडगाव. वडील लवकर गेले, म्हणून बालपण मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाकडे, गुरं राखण्यात आणि शेतात राबण्यात गेलं. १९०५ मध्ये घर सोडलं आणि पुढची पन्नास वर्षं हा माणूस फिरत राहिला. अंगावर चिंध्या, हातात खराटा, सोबत मातीचं गाडगं. गावात शिरला की आधी गाव झाडायचा आणि रात्री कीर्तन करायचा. पूर्णेच्या काठी ऋणमोचनला घाट बांधला. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहूला धर्मशाळा उभ्या केल्या. लोकांना राहायला पक्क्या इमारती दिल्या आणि स्वतःचं बिऱ्हाड कुठेच केलं नाही. शेवटी आजारी अवस्थेत अमरावतीकडे आणत असताना २० डिसेंबर १९५६ ला, मध्यरात्र उलटल्यावर, वलगावला पेढी नदीच्या पुलावर त्यांचा प्राण गेला. बाबासाहेब आंबेडकर जाऊन तेव्हा पुरते पंधरा दिवसही झाले नव्हते.

म्हणजे जन्म शेंडगावला, मृत्यू वलगावला आणि समाधी अमरावतीला. तिन्ही गावं एकाच जिल्ह्यात. हे अंतर आपण चालून पाहू, इतका साधा विचार होता.

आता मित्राच्या प्रश्नाकडे येतो. एकदम का नाही?

पहिलं कारण सरळ आहे. आपल्याकडे सलग सहा-सात दिवस नसतातच. सेमिस्टरमध्ये क्लास टेस्ट, सबमिशन, प्रॅक्टिकल, आणि नशिबात असेल तर मागच्या विषयाची एटीकेटी. ज्याच्याकडे फक्त रविवार आहे, त्याने रविवारीच चाललं पाहिजे. "एकदम चाला नाहीतर चालूच नका" असं म्हणणं म्हणजे "अख्खं पुस्तक एका रात्रीत वाचा नाहीतर उघडूच नका" म्हणण्यासारखं आहे. (आपण परीक्षेच्या आदल्या रात्री तेच करतो, ही गोष्ट वेगळी. त्याचा निकालही आपल्याला माहीत आहे.)

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. आमच्या क्लबात सतरा जण आहेत, त्यांत सात मुली. लेडीज हॉस्टेलचं गेट संध्याकाळी ठरलेल्या वेळेला बंद होतं. टप्पा सकाळी सहाला सुरू झाला की बारा-एकपर्यंत संपतो आणि चारच्या आत सगळे परत येतात. एकदम चालायचं म्हटलं तर पाच-सहा रात्री बाहेरचा मुक्काम आला, परवानगी आली, घरचे फोन आले. म्हणजे मित्राच्या नियमाप्रमाणे चाललो असतो, तर आमच्यातले सात जण पहिल्याच दिवशी गळाले असते. ज्या शौर्यासाठी निम्म्या लोकांना घरी बसावं लागतं, ते शौर्य कोणाच्या कामाचं?

आणि "एकदम" म्हणजे तरी काय? दांडीयात्रा घ्या. १२ मार्च १९३० ला साबरमतीहून निघालेले लोक सुमारे ३८५ किलोमीटर चालून ५ एप्रिलला दांडीला पोचले. रोज मुक्काम होता आणि सोमवारी विश्रांती होती. म्हणून कोणी त्याला अर्धवट यात्रा म्हटलं नाही. आपली वारी तर टप्प्यांवरच उभी आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या कौंडण्यपूरहून रुक्मिणीची पालखी आणि शेगावहून गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला जाते. त्यांचं सगळं वेळापत्रक मुक्कामांचंच असतं. आळंदीच्या पालखीबरोबर तर कितीतरी नोकरदार फक्त पुणे ते सासवड एवढाच दिवे घाटाचा टप्पा चालतात. संगणक कंपन्यांतल्या लोकांची 'आयटी दिंडी' अशीच निघते. एवढाच चाललास म्हणून कुठल्या वारकऱ्याने त्यांना हाकलून दिल्याचं मी ऐकलेलं नाही.

परदेशातही हा वाद जुना आहे. अमेरिकेत अ‍ॅपलाचियन ट्रेल नावाची साडेतीन हजार किलोमीटरची पायवाट आहे. काही लोक ती एका दमात पाच-सहा महिन्यांत चालतात, तर काही दरवर्षी सुट्टीत एकेक तुकडा करत वीस-वीस वर्षं चालतात. वाट सांभाळणारी संस्था दोघांचीही नोंद एकाच यादीत करते. आणि पुरावा काय मागते? तुमचा शब्द. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

टप्प्यांनी चालण्याचा एक फायदा आम्हाला आधी माहीत नव्हता. एकदम चाललो असतो तर एकच आठवडा दिसला असता. आम्हाला अख्खा हंगाम दिसला. पहिल्या टप्प्याला अंजनगावकडे कपाशी फुटली होती, वेचणीच्या बाया सकाळीच वावरात उतरलेल्या. पानमळे आणि पानपिंपरीचे मांडव तिथेच पहिल्यांदा जवळून पाहिले. पुढे तूर उभी होती, मग तुरीच्या तुराट्या राहिल्या, मग हरभरा घाट्यावर आला. एका टप्प्याला आदल्या रात्री अवकाळी पाऊस झाला होता आणि आम्ही शहाणपणा करून डांबरी सोडून पांदणीने गेलो. काळ्या मातीने बुटाला धरलं ते सोडेचना. प्रत्येक पायात दोन-दोन किलोचा गोळा. सॉइल मेकॅनिक्सच्या पेपरात ही माती ओली झाली की फुगते, सुकली की भेगाळते, असं मी चार मार्कांसाठी लिहिलं होतं. त्या दिवशी ते चार मार्क खऱ्या अर्थाने मिळवले.

दर्यापूर ते खोलापूर हा पट्टा तर कॉलेजच्या प्रत्येकाने एकदा चालावा. हा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. अमरावती, अकोला, बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांत तो पसरलेला आहे. जमीन काळी, सुपीक, पण खालचं पाणी खारं. विहीर खोदली तरी त्या पाण्याने तहान भागत नाही आणि ओलितही धड होत नाही, जमीनच बिघडते. आमच्या बाटल्या अकरालाच संपल्या. रस्त्याकडेच्या वावरात हापसा दिसला म्हणून दोघं धावले, तर धुऱ्यावर बसलेले एक बाबाजी ओरडले, "नोका पिऊ पोट्टेहो, खारं हाये थे!" मग त्यांनी स्वतःच्या कॅनमधलं पाणी आम्हाला दिलं. ते त्यांनी घरून सायकलवर आणलेलं होतं. आम्ही नको नको म्हणत होतो, पण तहान लागलेल्या माणसाचं 'नको' कोण ऐकतो! निघताना त्यांनी विचारलं, "पायदल काहून चालले बाप्पा? एस्टी बंद हाये का?" आम्ही गाडगे बाबांचं सांगितलं. त्यावर म्हणाले, "मंग बराबर हाये." पुढे काही विचारलं नाही.

एस्टीच्या खिडकीतून हा पट्टा मी लहानपणापासून पाहिला आहे. पण पाण्याचा प्रश्न खिडकीतून दिसत नाही. तो दिसायला बाटली रिकामी व्हावी लागते. आपण उद्याचे सिव्हिल इंजिनिअर म्हणून मिरवतो, म्हणून सांगितलं.

आता माझा हिशोब.

टप्प्यांनी चालण्यात एक खोट आहे, ती मान्य केली पाहिजे. त्यात लबाडी सोपी असते. एकदम चालणाऱ्याला मधला तुकडा गाळता येत नाही. आम्हाला येतो. म्हणून आमचे तीन नियम आहेत. एक, मागच्या वेळी जिथे थांबलो त्याच किलोमीटरच्या दगडापासून सुरुवात करायची, शंभर मीटरसुद्धा पुढून नाही. दोन, ज्याला झेपत नाही त्याने बिनधास्त गाडीत बसावं, फक्त वहीत खरं अंतर लिहावं. तीन, सीनियरपैकी एकाने सर्वांत मागे राहायचं आणि त्याच्या मागे कोणीही सुटता कामा नये.

वलगावच्या टप्प्याला मागे राहण्याची पाळी माझी होती. दुसऱ्या दिवशी ड्रॉइंगची शीट सबमिट करायची होती, ती अर्धी कोरी होती. टाचेला फोड आला होता. वलगाव पाच किलोमीटर राहिलं तेव्हा बाजूला एक ऑटो थांबला. पुढचे लोक वळणापलीकडे गेलेले. माझ्यासमोर शंभरेक पावलांवर फर्स्ट इयरचा एकच मुलगा लंगडत चालला होता. मी ऑटोत बसलो. त्याच्या बाजूने ऑटो गेला तेव्हा मी मान खाली घातली.

वलगावच्या थोडं अलीकडे उतरलो आणि पुढच्या घोळक्यात मिसळलो. कोणाच्या लक्षात आलं नाही. पेढीच्या पुलावर सगळ्यांनी फोटो काढला. वहीत माझ्या नावापुढे कोणीतरी '१४' लिहिलं. मी पाहिलं आणि गप्प बसलो.

तो मुलगा तासाभराने आला. एकटाच. त्याच्या पायालाही फोड होते आणि ते फुटले होते. मी म्हटलं, "अरे, थांबायचं ना, गाडी करायची." तो म्हणाला, "दादा, तुम्ही मागे आहात असं वाटत होतं. म्हटलं, तुम्ही चालून राहिले तर आपण कसं थांबावं?" नंतर आठवडाभर तो चपला घालून लेक्चरला येत होता. वर्कशॉपमध्ये बूट नाहीत म्हणून एक दिवस त्याला बाहेर उभं केलं. मी त्याला तरीही काही सांगितलं नाही.

पाच किलोमीटर बुडाले याचं मला फार वाईट वाटत नाही. ऑटोत बसायला आमच्या नियमाने परवानगीच होती. मी जागा सोडली आणि खोटा आकडा वहीत राहू दिला, हे वाईट. ज्या माणसाच्या नावाने चाललो होतो, त्याचं आयुष्य मागे राहिलेल्यांची सोय करण्यात गेलं. आणि मी मागे राहिलेल्या एका पोराला टाकून त्याच माणसाच्या पुलावर फोटो काढत होतो.

पंधरा दिवसांनी, एका सुट्टीच्या सकाळी मी एकटाच एस्टीने गेलो, त्याच दगडापाशी उतरलो आणि ते पाच किलोमीटर चाललो. त्यात विशेष काही घडलं नाही. ट्रकचे हॉर्न होते, धूळ होती, रस्त्याकडेला प्लास्टिक होतं. सव्वा तास लागला. परत येऊन वहीतला '१४' खोडला आणि '९, आणि ५ नंतर' असं लिहिलं. त्या मुलाच्या रूमवर जाऊन त्याला सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "ऑटो गेला तेव्हा मला वाटलंच होतं." त्याला माहीत होतं. पंधरा दिवस त्याने कोणाला सांगितलं नव्हतं.

हे सगळं आताच लिहायचं कारण आहे. आमचा उपक्रम चांगला आहे, तर पुढच्या वर्षीपासून पूर्ण चालणाऱ्यांना प्रमाणपत्र द्यावं आणि त्याचे तास कुठेतरी धरावेत, अशी सूचना आली आहे. सूचना प्रेमाने आली आहे याबद्दल शंका नाही. पण माझं मत स्पष्ट आहे. देऊ नये.

मार्क जोडले की काय होतं ते आपल्याला चांगलं ठाऊक आहे. प्रॅक्टिकलच्या फाइली आपण कशा उतरवतो? एकाने लिहायची, चाळीस जणांनी उतरवायची, रीडिंगच्या चुकांसकट. उद्या चालण्याचंही तेच होईल. स्पेनमध्ये सांतियागोची वाट म्हणून यात्रेचा जुना मार्ग आहे, फ्रान्सच्या सीमेपासून जवळजवळ ८०० किलोमीटरचा. तिथे चालत येणाऱ्याला किमान १०० किलोमीटर पूर्ण केले की प्रमाणपत्र मिळतं. परिणाम असा, की सर्वांत जास्त गर्दी साऱ्या नावाच्या गावापासून सुरू होते. ते गाव शंभर किलोमीटरच्या जरासंच मागे आहे! माणूस कुठून चालायला लागेल हे कागदाने ठरवलं.

कोणी म्हणेल, अमेरिकेतली संस्थाही कागद देते की. देते. पण त्या कागदाला मार्क नाहीत, आणि तो मिळतो शब्दावर. मला वलगावला कोणी प्रमाणपत्र देत नव्हतं, तरी मी खोटं बोललो. त्यात दोन मार्क असते तर त्या सकाळी मी परत गेलो असतो का? खरं सांगतो, मला खात्री नाही.

तरीही कॉलेजने काहीच करू नये असं माझं म्हणणं नाही. मागायच्या तीन गोष्टी आहेत. मुलींना दर वेळी वेगळा अर्ज, वेगळी सही लागते. त्याऐवजी सातही रविवारांचं एकच परवानगीपत्र मिळावं. एक प्रथमोपचाराची पेटी मिळावी, त्यात टाचेच्या फोडांसाठी पट्ट्या भरपूर. आणि मेसने त्या रविवारी सकाळी साडेपाचला पोळी-भाजी बांधून द्यावी, नाश्त्याच्या हिशोबातून वळती करून. एवढ्यात आमचं भागेल. जमल्यास एखाद्या सरांनी किंवा मॅडमनी सोबत चालावं. रेक्टर सर एकदा चार किलोमीटर आले होते. वहीत त्यांच्या नावापुढे चारच लिहिलेले आहेत, आणि ते त्यांनी स्वतः लिहिले आहेत.

राहता राहिला खराटा. पहिल्या टप्प्याला आम्ही झाडू नेले होते, शेंडगावात दहा मिनिटं झाडलं आणि वीस मिनिटं फोटो काढले. नंतर झाडू नेणं बंद केलं. आता फक्त एक पोतं नेतो आणि आपल्याच वेफर्सच्या पुड्या, पाण्याच्या बाटल्या त्यात भरून परत आणतो. बाबांच्या मानाने हे काहीच नाही. पण निदान खोटं तरी नाही.

शेवटचा टप्पा अजून व्हायचा आहे. वलगाव ते गाडगेनगर, दहा-बारा किलोमीटर, सगळ्यांत छोटा. मेसमधल्या त्या मित्राला हे जाहीर आमंत्रण समजावं. सकाळी सहाला पेढीच्या पुलावर भेटू. आधीचे सहा टप्पे चालला नाहीस म्हणून कोणी काही म्हणणार नाही. दोन किलोमीटर चाल, नाहीतर बारा चाल. वहीत तेवढेच लिही म्हणजे झालं.

या वेळीही मागे मीच राहणार आहे. पाळी माझी नाही, मी मागून घेतली आहे.